शांतवन सरांच्या चौदा जागा

नोव्हेंबरचा दुसरा रविवार, संध्याकाळचे पावणेसहा. हजर माणसं अकरा, त्यांत बायका सहा. शिवाय एक पायपेटी, आणि खिडकीच्या बाहेर मी. वेळ लागला सात मिनिटं वीस सेकंद. घरी आल्याबरोबर हे मी डायरीत लिहून ठेवलं होतं, म्हणून आज इतक्या वर्षांनी खात्रीनं सांगता येतं.

मी सांगलीत हळदीच्या पेठेत एका अडत दुकानाचे हिशेब लिहितो. आमच्या गल्लीच्या टोकाला एक लहानसं चर्च आहे. त्याच्यावरून मी वीस वर्षं जात-येत होतो, पण आत काय चालतं याचा कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी वीज गेली होती. आजूबाजूचे टीव्ही, मिक्सर, गिरणी सगळं एकदम गप्प झालं होतं, आणि त्या गप्पपणातून चर्चच्या खिडकीतून माणसांचे आवाज बाहेर येत होते. आधी बायकांचा एक, मग त्याच वाटेनं दुसरा, मग खालून पुरुषांचा, मग अगदी तळातून एक. कुणीच दुसऱ्यासाठी थांबत नव्हतं आणि तरी कुणी कुणाला सोडूनही जात नव्हतं. मी स्कूटर स्टँडला लावली आणि उभा राहिलो. शब्द तीनच होते: प्रभो, दया कर. मला मोजायची सवय. मी बोटांच्या पेरांवर मोजायला लागलो.

गाणं संपलं तेव्हा खिडकीत एक लांब, सडपातळ म्हातारा येऊन उभा होता. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, खिशात दोन पेनं आणि सूर लावायचा एक नादकाटा.

"काय मोजताय?"

"तीन शब्द आहेत. ते किती वेळा येतात ते."

"किती झालं?"

"एकशे तीन. त्या कडेच्या बाईंनी मध्येच एकदा गिळले, नाहीतर एकशे चार."

आतून एक जाड आवाज आला, "आवं, खोकला आला म्हणून गिळले. हे कोण आलंय माप काढायला?"

त्या मालनबाई. मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून निवृत्त झालेल्या. म्हाताऱ्यानं मात्र माझ्याकडे नीट बघून विचारलं, "गाता येतं का?"

"नाही."

"मग आत या. गाणारे लय हायत. मोजणारा मिळत न्हाई."

ते शांतवन सर. सर म्हणायचे सगळे, पण ते कुठल्या शाळेत शिक्षक नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी दवाखान्यात एक्स-रे काढले. मूळचे वडूजकडचे, कोरडवाहू घरातले. लहानपणी साताऱ्याच्या मिशनच्या वसतिगृहात राहिले आणि तिथं एका वृद्ध बाईंनी त्यांना हे संगीत शिकवलं. तीनशे वर्षांपूर्वी जर्मनीकडच्या देवळांत असं गात, एवढंच त्यांनी मला सांगितलं. ज्यानं ते रचलं त्याच्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "त्याला घरात लय पोरं होती आणि त्यातली निम्मी त्यानं पुरली. बाकी मग कशाला पायजे?"

दुसऱ्या रविवारपासून मी आत बसायला लागलो. आमचं घर जैन. सौ. म्हणाली, "बस्तीत दर्शनाला जायला वेळ नाही म्हणता, आणि तिकडं दीड दीड तास?" मी म्हटलं, मी गात नाही, मी मोजतो. ते खरंच होतं. या संगीतात माणसाला गाण्यापेक्षा गप्प राहणं अवघड जातं. खालच्या आवाजाला कधी नऊ घरं गप्प उभं राहायचं असतं. एका घरात चार मात्रा, म्हणजे छत्तीस मात्रा. आणि सदतिसाव्या मात्रेला, न चुकता, आत शिरायचं. आमच्याकडे आटपाडीचे एक निवृत्त हवालदार होते. आवाज विहिरीसारखा खोल, पण ते हमखास पस्तिसाव्याला उडी घ्यायचे. सर मला त्यांच्या मागे उभं करत आणि मी वेळ आली की त्यांच्या खांद्याला बोट लावत असे. एवढंच माझं काम.

सर शिकवायचे ते सगळं दवाखान्यातल्या आणि रानातल्या भाषेत. गाणं सुरू करताना एक्स-रेच्या खोलीत म्हणायचे तसंच म्हणत, "श्वास घ्या. धरा. हलू नका." एकदा दवाखान्यातून थेट आलेल्या एका पेशंटनं, ज्याचा सकाळीच त्यांनी फोटो काढला होता, मागच्या बाकावर बसून खरोखर श्वास धरला आणि बिचारा लाल झाला, असं मालनबाई सांगायच्या. सर म्हणत, ती बनवाबनवी आहे. पण नाकारताना त्यांचे डोळे हसत.

चार आवाज एकामागून एक कसे आत येतात हे नव्या पोरींना कळेना, तेव्हा त्यांनी हवालदारांना पुढे बोलावलं.

"हवालदार, उसाला दारं धरलीत का कवा?"

"जलम गेला त्यात."

"पहिल्या वाफ्यात पाणी सोडलं, तो भरत आला, मग काय करता?"

"दुसऱ्याचं दार फोडायचं."

"आणि पहिल्याचं पाणी?"

"ते मुरत बसतंय की. थांबतंय व्हय?"

"ऐकलं का गं पोरीनू? पहिला आवाज थांबत न्हाई. मुरत बसतोय. तुमी तुमचं दार फोडा."

पोरी हसल्या, पण त्यानंतर चुकल्या नाहीत. मलाही तोवर न कळलेला प्रकार कळला. मग रविवारी संध्याकाळी मी घरी सरळ न जाता घाटावर जायचो. कृष्णेवर त्या वेळी एक राखाडी पडदा असतो, धुकंही नाही आणि धूरही नाही. त्यात पलीकडचा काठ नाहीसा होतो. पायऱ्यांवर बसलं की आवाज अजून चालूच आहेत असं वाटायचं, एक भरतोय, दुसऱ्याचं दार फुटतंय. मी काही त्यांच्या प्रभूला मानणारा नाही. पण दया हा शब्द आमच्याही रोजच्यातला आहे, आणि तो इतका वेळ, इतक्या बाजूंनी मागता येतो हे मला ठाऊक नव्हतं.

एकदा मी विचारलंच. "सर, तीन शब्दांना सात मिनिटं जरा जास्त नाहीत का?"

"पाटील, तुमच्या घरात माणूस गेलं तवा तुमी किती शब्द बोलला?"

मी आठवून बघितलं. वडील गेले तेव्हा मी दिवसभर 'असं कसं झालं' एवढंच म्हणत होतो.

"तेच तेच बोलला असाल," सर म्हणाले. "हे बी तेच हाय. फक्त चौघं मिळून बोलतात."

या गाण्यात दुसऱ्या आवाजाच्या चौदा जागा होत्या. दुसरा आवाज म्हणजे बायकांमधला खालचा. तो गायच्या रूथबाई, सरांच्या पत्नी. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, साताऱ्याच्या माहेरच्या. त्या जागांचं वैशिष्ट्य असं: वरचा आवाज एक पायरी सरकतो, आणि दुसऱ्यानंही सरकायला हवं, पण तो सरकत नाही. आपला जुना सूर धरून बसतो. त्यामुळे शेजारी शेजारी असलेले दोन सूर एकाच वेळी वाजतात आणि एकमेकांना टोचतात. छातीच्या मध्यभागी, बरगड्या जुळतात तिथं, ते टोचणं समजतं. मग एका मात्रेनं दुसरा आवाज खाली उतरतो आणि सगळं मोकळं होतं. पहिल्या दिवशी खिडकीबाहेर मला जे झालं ते याच जागांनी झालं होतं, पण त्या किती आहेत आणि कागदावर कशा दिसतात हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

दर वर्षी उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, हे गाणं साताऱ्याच्या चर्चमध्ये व्हायचं, रूथबाईंच्या माहेरच्या चर्चमध्ये. सांगलीच्या चर्चला पत्रा आहे. साताऱ्याला उंच दगडी छत. "तिथं आवाजाला खाली पडायला वेळ लागतोय," सर म्हणायचे.

रूथबाई एका पावसाळ्यात गेल्या. चार दिवसांचा ताप, एवढंच. सरांनी पुढं दोन वर्षं ते गाणं काढलं नाही. इतर गीतं चालू होती, हजेरी चालू होती, ते गाणं मात्र नाही. मध्ये पूर आला आणि चर्चमधलं कपाट कमरेपर्यंत पाण्यात राहिलं. वह्या भिजल्या. त्या सरांनी तरुणपणी स्वतः लिहिलेल्या होत्या, विलायती खुणांवरून देवनागरी सारेगममध्ये उतरवलेल्या, चार ओळी एकाखाली एक. त्यांनी त्या घराच्या गच्चीवर उन्हात उघड्या वाळत घातल्या आणि दिवसभर राखण करत बसले. आम्ही म्हटलं, कागद आहेत सर, कुणी नेणार नाही. ते एकेक पान उलटत राहिले.

त्यानंतर माझ्या लक्षात एक गोष्ट आली. सर नादकाटा गुडघ्यावर वाजवून कानाजवळ धरत असत. आता ते तो कानामागच्या हाडावर टेकवायला लागले होते. डिसेंबरात मी त्यांना स्कूटरवर बसवून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. कागदावर एक रेघ आली, डावीकडून उजवीकडे घसरत गेलेली. डॉक्टर म्हणाले, आधी उंच आवाज जातात, खालचे नंतर. वर्ष म्हणा, दीड वर्ष म्हणा.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "म्हंजे आधी बायका जाणार, मग गडी. हवालदाराचा आवाज शेवटपर्यंत ऐकावा लागणार मला."

घराशी उतरताना म्हणाले, "पाटील, या उत्तम शुक्रवारी ते गाणं करू. मला रूथच्या जागा एकदा ऐकायच्यात. नंतर मग राहिलं तर राहिलं."

मालनबाईंना पहिल्या आवाजातून काढून दुसऱ्यात घातलं. सोबत नर्सिंगच्या दोन पोरी, दोघीही नव्या. वह्या पुन्हा लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं आहे. जुन्या वहीत पुष्कळ अक्षरं पसरून गेली होती. सरांनी मला पडताळ्याची एक साधी रीत सांगितली: जिथं वाचता येत नाही तिथं खाली-वर बघायचं. एका आवाजात सा असेल तर बाकीच्यांत ग किंवा प असणार. सा आणि त्याच्या शेजारचा सूर एकावर एक आले, तर समजायचं की वाचण्यात चूक होतेय.

मी जानेवारी महिना रोज एक तास बसलो. आडवं लिहायचं आणि उभं तपासायचं, ही माझी जन्माची सवय. आडवं सगळं जमलं. उभ्या तपासणीत चौदा ठिकाणी शेजारचे सूर एकावर एक आले. खरं सांगायचं तर त्या चौदाही ठिकाणी शाई स्वच्छ होती. अक्षर पसरलेलं नव्हतं. पण रीत म्हणत होती की चूक आहे, आणि चौदा चुका तशाच सोडून खाली सही करणं मला कधी जमलेलं नाही. मी सगळीकडे दुसरा आवाज एक मात्रा आधी उतरवला. मेळ बसला. वहीच्या शेवटी 'तपासले' असं लिहून मी बाजूला ठेवली. मी मोजणारा. कानानं ओळखणारा नाही.

फेब्रुवारीत तालीम सुरू झाली. तिसऱ्या रविवारी पहिल्यांदा सगळं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत झालं. सर तालमीत पायपेटी वाजवत नसत. सुरुवातीला एक सूर दिला की झालं. मी हवालदारांच्या मागे होतो, बोट वेळेवर लावलं. कुठंही अडलं नाही. संपल्यावर हवालदार वळून म्हणाले, "आता लय गोड लागतंय."

मालनबाई म्हणाल्या, "व्हय की. मला वाटलं हुतं जड जाईल. काय न्हाई, सरळ उतरत जातंय."

सर उभेच होते. त्यांनी नादकाटा काढला, गुडघ्यावर वाजवला, आधी एका कानामागे लावला, मग दुसऱ्या. मग खिशात ठेवला आणि म्हणाले, "आज एवढंच." पायपेटीचं झाकण लावलं.

घरी जाताना मी सोबत होतो. संध्याकाळ होती, रस्त्यावर धूळ, कुठंतरी गूळ आटवल्याचा वास. ते हळू चालत होते.

"कान गेले, पाटील. डॉक्टर म्हणाला त्याच्या आधीच गेले. सगळं ऐकू येतंय, पण त्या जागा येत न्हाईत. एक बी न्हाई."

"कुठल्या जागा?"

"रूथ धरून बसायची त्या. दोन आवाज टोचायचे. आज मालनबाई गात हुत्या ते दिसत हुतं मला, तोंड उघडं दिसत हुतं, पण टोचत न्हाई. म्हंजे तेवढंच नेमकं गेलं." कोपरा वळल्यावर म्हणाले, "चर्चच्या पाळकांना सांगतो, साताऱ्याला आमचं रद्द. पोरींना उगीच उन्हात कशाला न्यायचं?"

मी घरी आलो. जेवताना सौ.नं दोनदा विचारलं, काय झालं. मी उठून दोन्ही वह्या समोर ठेवल्या, भिजलेली आणि नवी. चौदा जागा मोजायला पाच मिनिटंही लागली नाहीत. आकडा मला पाठच होता.

सकाळी दुकानाला जायच्या आधी मी त्यांच्या दारात गेलो. सर खिडकीच्या गजाला आरसा अडकवून दाढी करत होते. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण.

"जय जिनेंद्र, पाटील."

"सलाम सर," मी म्हटलं आणि वह्या टेबलावर उघडल्या. काय केलं ते सांगितलं. कमी करून सांगितलं नाही. शाई स्वच्छ होती हेही सांगितलं.

ते कितीतरी वेळ जुन्या वहीवर बोट ठेवून, मग नव्या वहीवर बोट ठेवून बघत राहिले. गालावरचा साबण वाळत चालला होता.

"म्हंजे काल मालनबाई गायल्याच न्हाईत त्या जागा?"

"नाही. मी काढून टाकल्या होत्या."

"मग मी भैरा न्हाई?"

"थोडे आहात. त्या जागांना नाही."

ते खुर्चीत बसले. मला वाटलं आता रागावतील, आणि रागावायला हवेच होते.

"गड्या," ते म्हणाले. मला ते कधी गड्या म्हणत नसत. "आमी तिथं गुडघ्यावर बसून दया मागतोय, आणि तू गुडघ्याखाली गादी सरकवलीस व्हय रं?"

मी नवी वही माझ्याकडे ओढून घेतली.

"चूक माझी बी हाय. रीत मीच सांगितली. पण ती रीत वाचायला हुती, गायला न्हवती." मग ते उठले, टॉवेलनं साबण पुसून टाकला, अर्धी दाढी तशीच ठेवली, आणि म्हणाले, "लाल पेन हाय का?"

चौदाही दुरुस्त्या मी त्यांच्यासमोर केल्या. त्या दिवशी मी दुकानात दीड तास उशिरा पोचलो. असं नोकरीत पहिल्यांदाच झालं.

मालनबाईंनी बोलणी ऐकवली, ती पुढच्या रविवारी. "सरळ उतरत हुतं ते बरं हुतं की. आता शेजारी ती पोरगी वर सरकती आणि मी तिथंच. कानात मुंगी गेल्यागत हुतंय. पाटील, तुमचंच बरोबर हुतं."

"मालनबाई," सर म्हणाले, "मुंगी जाऊ द्या. तिला चावू द्या. मग खाली या."

साताऱ्याला आम्ही एसटीच्या लाल गाडीनं गेलो, तेरा जण. एप्रिलचं ऊन. उपासना बारा ते तीन. चर्चमध्ये पंखे होते, पण गाण्याच्या वेळी सरांनी ते बंद करायला लावले. दगडी भिंती आतून गार होत्या. उंच खिडक्यांतून उन्हाचे पट्टे तिरके येत होते आणि त्यांत धूळ इतकी सावकाश हलत होती की मला झोपेत असल्यासारखं वाटलं. सर नेहमी समोर मध्यभागी उभे राहत. त्या दिवशी ते दुसऱ्या आवाजाच्या बाजूला सरकून, मालनबाईंपासून हातभर अंतरावर उभे राहिले.

पहिल्या जागेला त्यांचा हात चालू होता. दुसऱ्या जागेला तो खाली आला आणि खालीच राहिला. कुणी मात्रा देत नव्हतं. गाणारे थांबले नाहीत. वरचा आवाज सरकायचा, मालनबाई धरून बसायच्या, ते टोचणं छतापर्यंत जायचं आणि खाली यायच्या आत मोकळं व्हायचं, आणि तोवर पुढचं. बाकांवर कुणी खोकत नव्हतं. हवालदार माझं बोट लागायच्या आधी, बरोबर सदतिसाव्या मात्रेला आत गेले. सरांचे डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावर काही विशेष नव्हतं, रडणं नाही, हसणं नाही. घरातलं माणूस आतल्या खोलीत कामात आहे आणि आपण बाहेर बसून त्याची चाहूल ऐकतोय, तसा तो चेहरा होता.

दिवाळीपर्यंत त्यांचे कान पुरते गेले. मग त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलावं लागायचं, आणि पुढच्या थंडीत ते स्वतःच गेले. त्या अखेरच्या महिन्यांतही मी जात असे. पण सर म्हटलं की मला त्या खोलीतले, पाटी घेऊन बसलेले सर आठवत नाहीत.

उत्तम शुक्रवारी उपासना संपल्यावर कुणी कुणाशी बोलत नाही, तशी रीत आहे. माणसं गप्प बाहेर पडतात. त्या दिवशी आम्हीही तसेच पायऱ्या उतरून चिंचेच्या सावलीत उभे होतो. समोर किल्ल्याचा डोंगर उन्हात पांढरा दिसत होता. सर सगळ्यांच्या शेवटी आले, छत्री उघडली, आणि मालनबाईंच्या शेजारी येऊन हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"नवव्या जागी तुमी जरा लवकर खाली आलात."

मालनबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "आवं, दम संपला. साठी कवाच झाली माझी."

"बाकी तेरा बरोबर हुत्या," सर म्हणाले, आणि छत्री त्यांच्याही डोक्यावर येईल अशी धरून फाटकाकडे चालायला लागले.

मी मोजत होतो. नववीच होती.